कर्दळ आणि निशिगंध : दोन बहुवर्षायू फुलझाडांचा तौलनिक परिचय

ग्रामपंचायतीचे कार्यालय, प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा समाजमंदिर यांच्या आवारात बाग करावयाची म्हटली की पहिला विचार मोसमी फुलझाडांचा होतो. झेंडू, झिनिया, अ‍ॅस्टर यांची रोपे पावसाळ्यात लावली जातात. दसरा-दिवाळीपर्यंत वाफे फुलून जातात व पाहुण्यांना ते दाखविले जातात. मात्र या झाडांचे आयुष्य एका हंगामापुरतेच असते. मार्चनंतर पाण्याची ओढ सुरू होते, मे महिन्यात शाळेला सुटी लागते आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वाफ्यात वाळलेल्या काटक्यांखेरीज काही उरलेले नसते. मग पुन्हा बियाणे, पुन्हा रोपे, पुन्हा खर्च. दोन-तीन वर्षे हा क्रम चालतो आणि त्यानंतर सहसा बागच बंद पडते.

यावर उपाय म्हणून जास्वंद, कण्हेर, तगर अशी झुडपे लावता येतात आणि ती लावावीतही. परंतु झुडपे व मोसमी फुलझाडे यांच्या मधला असा एक तिसरा वर्ग आहे, ज्याच्याकडे सार्वजनिक बागा करताना पुरेसे लक्ष दिले जात नाही. हा वर्ग म्हणजे बहुवर्षायू ओषधी. या वनस्पतींचे खोड काष्ठमय होत नाही. जमिनीवरचा भाग मऊ व रसाळ असतो आणि प्रतिकूल काळात तो वाळूनही जातो. पण जमिनीखाली अन्नसाठा असलेला अवयव जिवंत राहतो आणि ऋतू पालटला की त्यातून नवे कोंब वर येतात. सुटीतील दुर्लक्ष सोसणारी फुलझाडे शाळेला हवी असतील, तर ती याच वर्गात शोधली पाहिजेत.

महाराष्ट्रात या वर्गातील दोन फुलझाडे सर्वांच्या परिचयाची आहेत : कर्दळ आणि निशिगंध. एक मोरीच्या कडेला, विहिरीच्या पाटाजवळ वाढणारे, फारसे कौतुक न झालेले. तर दुसरे हारात, वेणीत आणि लग्नमंडपात मानाचे स्थान मिळविलेले. या दोहोंपैकी कोणते लावावे, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो जागेचा व पाण्याचा आहे. गावच्या सांडपाण्यावर निशिगंध लावावा, म्हणजे पाण्याचीही सोय होईल आणि बचत गटाला उत्पन्नही मिळेल, अशी कल्पना ग्रामसभेत मांडली जाते तेव्हा ती ऐकावयास मोठी आकर्षक वाटते. परंतु निशिगंधाचा स्वभाव ठाऊक असलेला माणूस तिला संमती देणार नाही. कंदांवर खर्च केलेली रक्कम एकाच पावसाळ्यात कुजून जाण्याचा धोका त्या कल्पनेत आहे. म्हणून या दोन वनस्पतींची तुलना केवळ उद्यानशास्त्राची हौस म्हणून न करता, सार्वजनिक पैशाच्या दृष्टीनेही करणे अगत्याचे आहे.

परदेशातून आलेली, पण परकी न राहिलेली

ही दोन्ही झाडे मूळची भारतातील नाहीत, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. दोहोंचेही मूलस्थान अमेरिका खंडात आहे. कर्दळीचे शास्त्रीय नाव ‘कॅना इंडिका’. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ते नोंदविले. त्यातील ‘इंडिका’ या शब्दामुळे ती भारतीय असावी असा समज होतो; परंतु ती उष्ण कटिबंधीय अमेरिका व वेस्ट इंडीज बेटांची रहिवासी आहे. कर्दळीच्या कुलात ‘कॅना’ ही एकच प्रजाती आहे. आज उद्यानांतून दिसणारी मोठ्या फुलांची कर्दळ ही मूळ जंगली जात नसून संकराने निर्माण झालेली आहे. या संकरांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये झाला. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, ठिपक्यांचा असे नाना रंग त्यातून मिळाले. निळी कर्दळ मात्र आजवर कोणाला मिळालेली नाही. हिरव्या पानांच्या जोडीला तांबूस-जांभळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचे वाणही आहेत. फुले नसतानाही ही पाने शोभा देतात.

कर्दळ हे नाव तिला पानांवरून मिळाले असावे, हे उघड दिसते. कदळी किंवा कर्दळी म्हणजे केळ. दत्तसंप्रदायातील कर्दळीवन म्हणजे केळीचे बन. केळीच्या पानाची लहान प्रतिकृती वाटावी असे हिचे पान पाहून लोकांनी या परदेशी झाडाला घरचेच नाव दिले.

निशिगंधाची कथा याहून वेगळी आहे. तो मेक्सिकोचा. तेथील अ‍ॅझटेक लोक त्याला आपल्या भाषेत ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पाकळ्यांचा मेणचट पांढरेपणा पाहिला म्हणजे हे नाव किती नेमके आहे ते कळते. विशेष म्हणजे निशिगंध आज जंगली अवस्थेत आढळत नाही. माणसाच्या हाताखालीच तो टिकून आहे. मराठीत त्याला गुलछडी व गुलछबू अशीही नावे आहेत. बंगालीत तो रजनीगंधा, कन्नडमध्ये सुगंधराज, तर तमिळमध्ये निलसंपंगी झाला. जेथे जेथे तो गेला तेथे त्याचे नाव बहुधा त्याच्या गंधावरून किंवा रात्रीवरून पडले.

त्याच्या शास्त्रीय नावाबाबत शिक्षकांनी एक बदल लक्षात ठेवावा. ‘पॉलिअँथीस ट्यूबरोझा’ हे नाव दीर्घकाळ रूढ होते आणि जुन्या पुस्तकांत तेच सापडते. वनस्पतींच्या आनुवंशिक नातेसंबंधांच्या अभ्यासानंतर या वनस्पतीचा समावेश ‘अगेव्ह’ या प्रजातीत करण्यात आला आणि २०१७ साली तिला ‘अगेव्ह अमिका’ हे नाव मिळाले. अगेव्ह म्हणजे आपल्या बांधावरचा घायपात. काटेरी, राकट घायपात आणि नाजूक निशिगंध हे जवळचे आप्त आहेत, हे सहजासहजी पटत नाही. पण घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतो आणि मरतो, हे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. निशिगंधाचा कंदही एकदा फुलला की पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेने धरलेले लहान कंद पुढे फुलतात. रूपात नसलेले नाते असे वागणुकीत दिसून येते.

जमिनीखालचा फरक

बागेच्या दृष्टीने या दोन झाडांमधील सर्वांत महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो मातीत आहे. कर्दळीच्या मुळाशी जो जाड, गाठाळ भाग असतो त्याला व्यवहारात गड्डा म्हणतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते जमिनीखाली आडवे वाढणारे खोड, म्हणजे मूलक्षोड होय. हळद व आले यांच्याप्रमाणेच त्यावर पेरे व डोळे असतात. प्रत्येक डोळा नवा कोंब देऊ शकतो. हे खोड सतत पुढे सरकत राहते, त्यामुळे एका गड्ड्याचे दोन-तीन वर्षांत मोठे बेट होते. त्यात पिष्टमय पदार्थांचा साठा असतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात कर्दळीचे गड्डे शिजवून खाण्याची प्रथा फार जुनी आहे, तर व्हिएतनाममध्ये त्यांच्या पिठापासून शेवया केल्या जातात. कर्दळीच्या पिठाचे कण वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठ्या कणांपैकी असतात. शाळेत साधे सूक्ष्मदर्शक यंत्र असेल तर गड्ड्याचा कापलेला भाग काचपट्टीवर घासून हे कण विद्यार्थ्यांना दाखविता येतील. आयोडीनचा एक थेंब टाकला की ते निळे-काळे होतात.

निशिगंधाचा कंद हा कांद्याच्या जवळचा. पानांच्या जाड झालेल्या बुडख्यांनी तो बनतो आणि तळाशी त्याला मुळे फुटतात. तो आडवा पसरत नाही. जागच्या जागी पिलावळ वाढवितो. त्यामुळे निशिगंधाचा ताटवा दाट होत जातो, पण आपली सीमा ओलांडून पलीकडच्या वाफ्यात शिरत नाही. तिसऱ्या वर्षानंतर मात्र ही गर्दी त्यालाच बाधते. कंद लहान राहतात आणि दांडे कमी व आखूड निघतात. म्हणून साधारणतः तीन वर्षांनी कंद काढून, निवडून, नव्या जागी लावणे श्रेयस्कर ठरते.

या रचनेतूनच पाण्याविषयीचा दोघांचा स्वभाव ठरतो. कर्दळीची मुळे व गड्डा ओलसर, चिकट, काही काळ हवा न खेळणाऱ्या मातीतही तग धरतात. निशिगंधाच्या कंदाभोवती पाणी साचले तर तो सडतो. बुरशीमुळे खोडाचा जमिनीलगतचा भाग कुजतो व पाने बुडापासून सुटून येतात. हा फरक ध्यानात न घेता केलेली लागवड पहिल्याच जोरदार पावसात फसते.

फुलांची रचना

कर्दळीचे फूल हे वर्गात नेण्यास सर्वथा योग्य, कारण ते पाहणाऱ्याला फसविते. ज्या रंगीत, रुंद भागांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या तीन असतात. त्या अरुंद, टोकदार व सहसा फिक्या असून बाहेरच्या बाजूला दडलेल्या असतात. आतले मोठे रंगीत भाग म्हणजे पाकळ्यांचे रूप घेतलेली वंध्य केसरदले होत. परागकण निर्माण करणारे केसरदल एकच, आणि तेही अर्धेच. त्याच्या एका कडेला परागकोशाचा अर्धा भाग चिकटलेला असतो, तर दुसरी बाजू पाकळीसारखी पसरलेली असते. मधोमध पट्टीसारखा चपटा किंजल असतो. फूल उमलण्यापूर्वीच कळीत परागकण या किंजलावर सांडून ठेवलेले असतात. कर्दळीचे फूल कोठूनही उभे कापले तरी त्याचे दोन सारखे भाग होत नाहीत. विद्यार्थ्यांनी स्वतः ते उलगडून पाहावे. पुस्तकातील आकृतीवर विसंबून राहण्याचे कारण नाही.

फूल गळाल्यावर खरखरीत काट्यांचे बोंड धरते आणि त्यात काळी, गोल, अत्यंत टणक बी असते. बंदुकीच्या छऱ्याशी साम्य असल्यामुळे इंग्रजांनी या झाडाचे नावच तसे ठेवले. या बियांच्या माळा व खुळखुळे अनेक देशांत केले जातात. बीचे कवच इतके अभेद्य असते की पाणी आत शिरत नाही. म्हणून पेरण्यापूर्वी ते कानशीने किंवा खडबडीत दगडावर घासावे लागते. अर्जेंटिनातील एका प्राचीन दफनभूमीत सापडलेल्या खुळखुळ्यातील कर्दळीचे बी रुजले आणि त्याचे वय सुमारे ६०० वर्षे असल्याची नोंद १९७१ साली प्रसिद्ध झाली. बीजांच्या दीर्घायुष्याची जी थोडी उदाहरणे शास्त्राला ज्ञात आहेत, त्यांत या कर्दळीची गणना होते.

निशिगंधाच्या फुलात असा कोणताही पेच नाही. किंचित वाकलेल्या नळीच्या टोकाला सहा पांढरी परिदले आणि आत सहा केसरदले. दांड्यावर ही फुले जोडीजोडीने येतात व खालून वर उमलत जातात. त्याचे सारे वैशिष्ट्य वेळेत आणि गंधात आहे. संध्याकाळनंतर सुगंध वाढतो, कारण त्याच्या मूळ प्रदेशात त्याचे परागण रात्री उडणारे मोठे पतंग करतात. अंधारात दिसावा म्हणून पांढरा रंग, दुरून कळावे म्हणून तीव्र गंध आणि लांब सोंड पोहोचावी म्हणून लांब नळी, असा हा मेळ आहे. कर्दळीच्या बहुतेक जातींना गंध नाही. तिचा लाल-केशरी रंग दिवसा येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. या दोन फुलांतील फरक एवढा बोलका आहे की परागणाचा पाठ शिकविताना निराळे साधन शोधण्याची गरज पडू नये.

निशिगंधाची फुले तोडल्यानंतरही काही तास सुगंध निर्माण करीत राहतात. फ्रान्समधील ग्रास या अत्तरांच्या गावी फुले चरबीच्या थरावर पसरून त्यांचा गंध शोषून घेण्याची जी पद्धत विकसित झाली, तिचा आधार हाच गुण होता. मोगऱ्याच्या कुलातही तो आढळतो.

सांडपाणी आणि कर्दळ

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. पाच माणसांच्या कुटुंबास हे २७५ लिटर होतात. पिण्यास व स्वयंपाकास लागणारे पाणी त्यात थोडेच. बाकीचे बहुतेक स्नान, धुणी-भांडी यांतून पुन्हा बाहेर पडते. दोन-तृतीयांश भाग जरी सांडपाण्यात गेला असे धरले तरी एका घरामागे सुमारे १८० लिटर आणि पन्नास घरांच्या वस्तीत ९,००० लिटर पाणी रोज कोठेतरी जावयास हवे. नळ घरात आला, पण मोरीचे पाणी रस्त्यावरच राहिले, असे चित्र त्यामुळे दिसते. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनावर भर देण्यात आला, तो याच कारणाने.

मोरीच्या तोंडाशी कर्दळ व अळू लावण्याची रीत मात्र कोणत्याही योजनेच्या आधीपासून आपल्या घराघरांत आहे. तिच्यामागे शहाणपण होते. कर्दळीची रुंद पाने पुष्कळ पाणी हवेत सोडतात आणि तेवढे पाणी मुळे मातीतून ओढून घेतात. मुळांच्या दाट जाळ्यावर सूक्ष्मजीव वाढतात व ते पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवितात. त्यातून मोकळी होणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये झाडाला खत म्हणून मिळतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी खडीच्या थरात वनस्पती लावून जी कृत्रिम पाणथळ क्षेत्रे तयार केली जातात, त्यांत आपल्या देशात कर्दळीचा उपयोग म्हणूनच मोठ्या प्रमाणावर होतो. अळूपेक्षा कर्दळ येथे अधिक बरी, असेही म्हणावयास हरकत नाही. मोरीवरचा अळू शेवटी पातेल्यात जातो. कर्दळीच्या बाबतीत हा मोह नाही.

तथापि कर्दळ लावली की सांडपाण्याचा प्रश्न सुटला, असे समजणे चुकीचे ठरेल. साचलेले डबके कर्दळ नाहीसे करू शकत नाही. पाणी आधी जाळीतून व लहानशा गाळटाकीतून गेले पाहिजे, म्हणजे खरकटे व तेलकट थर मागे राहील. तेथून ते खडी व जाड वाळू भरलेल्या उथळ चरात सोडावे आणि चराला किंचित उतार द्यावा. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहिले पाहिजे. वर दिसू लागले की डास आलेच. पानांच्या बेचक्यांत साचणाऱ्या पावसाच्या पाण्याकडेही पावसाळ्यात लक्ष असावे. शौचालयाचे पाणी या चरात कदापि सोडू नये. काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून तेथे चर अधिक लांब ठेवावा लागतो. मुरमाड जमिनीत तो आखूड चालतो. सगळ्या वस्तीचे पाणी एका टोकाला आणून तेथे कर्दळीचे बेट करण्यापेक्षा प्रत्येक घराच्या परसात दोन-तीन मीटरांचा चर काढणे अधिक व्यवहार्य आहे. गावाच्या टोकाला येणाऱ्या हजारो लिटर पाण्यासाठी रीतसर आराखडा व अभियंत्याचा सल्ला लागतो. ते काम फुलझाडांच्या भरवशावर टाकू नये.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. कर्दळीने शोषून घेतलेली द्रव्ये तिच्या पानांत व दांड्यांत साठतात. फुले संपलेले दांडे वेळच्या वेळी जमिनीलगत कापून खतखड्ड्यात नेले नाहीत, तर ते तेथेच कुजतात आणि सारी घाण पुन्हा त्याच पाण्यात उतरते. कापणी हा या व्यवस्थेचा भागच आहे. ती कोणी करावयाची हे चर काढण्यापूर्वीच ठरलेले असावे.

निशिगंधाचे अर्थकारण

उत्पन्नाचा विचार केला तर कर्दळीची निशिगंधाशी बरोबरी होऊ शकत नाही. तिचे फूल तोडल्यावर लगेच मलूल होते. हारात ते टिकत नाही आणि फुलदाणीतही शोभत नाही. कोणी विकत घेतलेच तर तिचे गड्डे. निशिगंधाला मात्र वर्षभर बाजार आहे. एकेरी जातीची सुटी फुले हार, वेणी व माळांसाठी वजनावर विकली जातात आणि सुगंधी अर्कासाठीही तीच वापरतात, कारण गंध त्यांना अधिक. दुहेरी जातीचे दांडे फुलदाणी व सजावटीसाठी नगावर जातात. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या जातींपैकी ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या एकेरी, तर ‘सुवासिनी’ ही दुहेरी आहे. ‘शृंगार’ मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीस बऱ्यापैकी दाद देत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने किरणोत्साराच्या साहाय्याने ‘रजतरेखा’ व ‘स्वर्णरेखा’ या पट्टेदार पानांच्या जाती काढल्या आहेत. त्या शोभेसाठी उत्तम. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही जात राज्यातील शेतकऱ्यांना उपलब्ध आहे.

एक गुंठा क्षेत्रात ३० सेंटिमीटर चौरस अंतराने सुमारे १,१०० कंद बसतात. जागा थोडी लागते, म्हणून बचत गटांना हे पीक सुचविले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु गटाने कंद खरेदी करण्याआधी आपल्या गावाहून पहाटे बाजाराच्या गावाला जाणारी एस. टी. किंवा अन्य वाहन आहे काय, याची चौकशी करावी. सुटी फुले सकाळी लवकर, उन्हाचा चटका लागण्यापूर्वी तोडावी लागतात आणि त्याच दिवशी विकली गेली पाहिजेत. दुपारी निघणाऱ्या गाडीने नेलेल्या निशिगंधाला भाव मिळत नाही. जवळ मोठा बाजार नसेल तर गावातील देवस्थान, आठवडी बाजार आणि लग्नसराई यांवरच भिस्त ठेवावी लागेल आणि तशा ठिकाणी एका गुंठ्याहून अधिक लागवड करू नये. गणेशोत्सव, नवरात्र व दिवाळी या दिवसांत दर चढतात, पितृपंधरवड्यात उतरतात. वर्षाचा हिशेब चढत्या दरावर मांडण्याची चूक नवे गट करतात, ती टाळली पाहिजे.

लागवड व निगा

निशिगंधासाठी निचऱ्याची, सकाळपासून ऊन मिळणारी जागा निवडावी. भारी जमिनीत सपाट वाफ्याऐवजी सरी-वरंबा करून वरंब्यावर लागवड करावी. गुंठ्यास चार-पाच क्विंटल चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रासायनिक खतांची मात्रा माती परीक्षणानंतर कृषी सहायकाच्या सल्ल्याने ठरवावी. लागवडीचा योग्य काळ एप्रिल-मे. पाण्याची सोय नसल्यास पावसाच्या तोंडावर, जूनच्या आरंभी. कंद १.५ ते ३ सेंटिमीटर व्यासाचे, निरोगी व टणक असावेत. जमिनीतून काढलेले कंद लगेच न लावता चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर जागी पसरून विश्रांती द्यावी. ते पाच-सहा सेंटिमीटर खोल लावावेत. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे येऊ लागतात. दांडे विकावयाचे असतील तर खालची पहिली जोडी उमलताच कापावेत. फुलकिडे व कोळी यांचा उपद्रव कोरड्या हवेत वाढतो. खोडकूज दिसल्यास रोगट झाड आजूबाजूच्या मातीसह उचलावे आणि पाणी तोडावे.

कर्दळीसाठी इतका खटाटोप नाही. एक-दोन डोळे असलेले गड्ड्याचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी आठ-दहा सेंटिमीटर खोल व ४५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. दहा मीटर चरास दोन ओळींत सुमारे ४५ तुकडे लागतात. शेजारच्या गावातून किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या परसातून ते बहुधा विनामूल्य मिळतात, म्हणून त्यासाठी रोपवाटिकेकडे मागणी नोंदविण्याची आवश्यकता नाही. बोंडे धरू दिली नाहीत तर फुले अधिक काळ येतात. पाने गुंडाळून आत राहणारी अळी हाताने वेचावी. पानांवर पिवळसर रेषा व ठिपके दिसू लागले आणि वाढ खुंटली, तर तो विषाणूजन्य रोग असण्याचा संभव असतो. अशा बेटातील गड्डे कोणालाही वाटू नयेत. ते उपटून जाळून टाकावेत. रोग गड्ड्यांबरोबर गावोगाव जातो, आणि फुकट मिळालेल्या रोपाची तपासणी कोणी करीत नाही.

शाळेच्या आवारात दोन्ही झाडांना जागा असू शकते. हात धुण्याच्या नळाखाली, पोषण आहाराची भांडी घासली जातात तेथे कर्दळ. प्रवेशद्वाराच्या बाजूस, उंच वाफ्यात निशिगंध. मे महिन्यात पाणी मिळाले नाही तर निशिगंधाची पाने वाळतील आणि कर्दळीची करपतील. शाळा उघडताना ती पाहून कोणी वाफे उकरण्याची घाई करू नये. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. कोंब दिसू लागले की वाळलेली पाने तेवढी काढून टाकावीत आणि वाफ्यात शेणखताचा थर द्यावा.